ऑफ-रोड ट्रक रेसिंगमधलं करिअर: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफ-रोड ट्रक रेसिंग म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली तीन वेगळे खेळ येतात. प्रत्येकाला लागणारी गाडी वेगळी आणि चालकही वेगळ्या घडणीचा.

पहिला शॉर्ट कोर्स, मुख्यतः अमेरिकेतला. मातीचा बंद ट्रॅक, त्यावर उंचवटे आणि उड्या, आणि एकाच वेळी सुटणारे बरेच ट्रक. यातला वरचा वर्ग म्हणजे प्रो-२ आणि प्रो-४. प्रो-२ मध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, प्रो-४ मध्ये चारही चाकांना. प्रो-४ चं इंजिन ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास असतं. विस्कॉन्सिन राज्यातलं क्रँडन हे या खेळाचं सर्वांत मानाचं मैदान.

दुसरा वाळवंटातल्या लांब पल्ल्याचा. मेक्सिकोतली बाहा १००० ही शर्यत १९६७ पासून चालू आहे. तिथल्या सर्वांत वेगवान वर्गाला ट्रॉफी ट्रक म्हणतात. दिसायला पिकअप, पण आतून सगळी पाइपची चौकट.

तिसरा रॅली-रेड, म्हणजे डाकार. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस पॅरिसहून पहिली डाकार सुटली. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. इथले ट्रक खरेखुरे अवजड, आठ-नऊ टनांचे. केबिनमध्ये तिघं बसतात: चालक, नॅव्हिगेटर आणि मिस्त्री.

ग्रेटर नोएडाला ट्रकच्या शर्यती झाल्या होत्या. त्या यातच येतात का?

नाही. टी-वन प्रायमा ही स्पर्धा २०१४ मध्ये बुद्ध सर्किटवर सुरू झाली. ती डांबरी ट्रॅकवरची होती. सुरुवातीला परदेशी चालक होते, २०१६ पासून भारतीय व्यावसायिक ट्रकचालकांनाही प्रशिक्षण देऊन उतरवलं गेलं. महामार्गावरचा चालक शिकवला तर रेस चालवू शकतो, हे त्यातून दिसलं. पण माती, दगड आणि उडी हा वेगळा अभ्यास आहे.

मग भारतात ऑफ-रोड ट्रकची चॅम्पियनशिप आहे का?

फक्त अवजड ट्रकसाठी नियमित ऑफ-रोड मालिका नाही. जवळचे मार्ग तीन. क्रॉस-कंट्री रॅली: राजस्थानातली डेझर्ट स्टॉर्म आणि १९९९ मध्ये सुरू झालेली रेड-द-हिमालय या परंपरेतल्या. राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिप. आणि विंच (गाडीला बसवलेला, दोर गुंडाळून ओढणारा यांत्रिक रहाट) वापरून चिखल-नाले पार करायच्या ऑफ-रोड स्पर्धा, त्यात गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज सर्वांत प्रसिद्ध. ट्रककडे जायचं असेल तर आमच्या मते पहिला मार्ग धरा. अंतर, दिशा आणि गाडी टिकवणं या तिन्ही गोष्टी तिथेच अंगवळणी पडतात.

जगात जे चॅम्पियन झाले, ते त्या जागेपर्यंत पोचले कसे?

बहुतेकांचं उत्तर वर्कशॉपमधून जातं, आणि हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. एदुआर्द निकोलायेव २०१० च्या डाकारमध्ये व्लादिमीर चागिनच्या कामाझ ट्रकमध्ये मिस्त्री म्हणून बसला होता. तो ट्रक जिंकला. पुढे चालकाच्या जागेवर बसून निकोलायेवने २०१३, २०१७, २०१८ आणि २०१९ अशा चार डाकार जिंकल्या. तिसऱ्या सीटवर बसणाऱ्याला ट्रक कुठे तुटतो हे हातानं कळलेलं असतं. स्टिअरिंग हातात आल्यावर त्याचा पाय आपोआप योग्य जागी हलका होतो.

खुद्द चागिनच्या नावावर सात विजय आहेत: २०००, २००२, २००३, २००४, २००६, २०१० आणि २०११. १९८८ ते २००१ या काळात चेक चालक कारेल लोप्राइसने टाट्रा ट्रकवर सहा वेळा डाकार जिंकली. २०२४ आणि २०२५ चा विजेता मार्टिन मात्सिक हाही चेकच. त्याचा संघ म्हणजे घरचंच वर्कशॉप; इवेको ट्रक तिथेच बांधले जातात. नेदरलँड्सच्या यान दे रॉयने १९८७ ची शर्यत डीएएफवर जिंकली, मुलगा जेरार्डने २०१२ आणि २०१६ ची इवेकोवर.

अमेरिकेत वाट थोडी वेगळी. मुलं लहानपणी मोटोक्रॉस बाइक किंवा छोट्या बग्गीवर बसतात, मग प्रो-लाइट, मग प्रो-२, शेवटी प्रो-४. जिमी जॉन्सन मोटोक्रॉसवरून ऑफ-रोड ट्रककडे आला, तिथून नॅस्कारला, म्हणजे अमेरिकेतल्या डांबरी ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींना गेला आणि सात वेळा कप चॅम्पियन झाला. आयव्हन स्टुअर्ट बाहाच्या लांब शर्यती सहचालकाशिवाय एकट्याने चालवायचा, त्यावरून त्याला ‘आयर्नमॅन’ नाव पडलं.

मालिकेचं विजेतेपद हंगामभराच्या गुणांवर ठरतं. दोन शर्यती जिंकून तिसरीत एक्सल तोडणाऱ्याच्या पुढे, प्रत्येक वेळी दुसरा-तिसरा येणारा जातो.

मराठवाड्यातून सुरुवात कशी करायची? पहिली तीन वर्षं काय करावं?

आधी कागद. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना काढा. व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना आणि वय किमान २० लागतं, शिवाय मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना वेगळा. तो दर वर्षी नवा करावा लागतो आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला जोडावा लागतो. ऐन स्पर्धेच्या तोंडावर अर्ज करू नका, महिनाभर आधी करा.

मग हात काळे करा. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे वाहन आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने आहेत. सस्पेन्शन, ब्रेक, क्लच बनवणाऱ्या कंपन्या आपल्या दारात आहेत. आयटीआयला डिझेल मेकॅनिक किंवा मोटर मेकॅनिक हा ट्रेड करून तिथे अप्रेंटिसशिप घेतली, तर दोन-तीन वर्षांत जे कळतं ते रेसिंग स्कूलच्या चार दिवसांत कळत नाही.

अभियांत्रिकीला असाल तर बाहा एसएई इंडियाच्या संघात शिरा. विद्यार्थी स्वतः एकसीटी ऑफ-रोड गाडी डिझाइन करतात, बांधतात आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला वगैरे चालवतात. चार तासांच्या एंड्युरन्स फेरीत गाडी टिकवणं हा तिथला खरा धडा. चालक म्हणून निवड झाली नाही तरी वेल्डिंग किंवा सस्पेन्शनची जबाबदारी घ्या.

ऊस वाहतुकीचा अनुभव या खेळात कामी येतो का?

अर्धा येतो, अर्धा विसरावा लागतो.

कामी येतं ते असं: ओल्या शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लच आणि एक्सलेटरचा जो अंदाज लागतो तो, चढावर गिअर आधीच खाली घेण्याची सवय, आणि आवाजावरून बेअरिंग किंवा जॉइंट क्रॉस ओळखणारा कान. हंगामभर बीड-धाराशिवच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

विसरायचं ते हे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं: ऑफ-रोडला इंजिनची पकड सुटली की मागची चाकं आडवी येतात. क्लचवर पाय ठेवून चालवणं: वाळूत पंधरा मिनिटांत प्लेट जळते. एका हाताने स्टिअरिंग धरणं, अंगठा आत गुंडाळून धरणं: दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो. अंगठे कायम बाहेर, कड्यावर टेकलेले. आणि पट्टा न लावणं, ही सवय तर पहिल्याच दिवशी सोडायची.

सराव कुठे करायचा? कुठे करू नये?

सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नाही. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जायकवाडीच्या काठावरचं मोकळं पात्र मोहात पाडतं, पण नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. गौताळ्याचंही तसंच. तिथे गाडी घालू नका.

योग्य जागा म्हणजे पीक निघालेलं पडीक रान किंवा बंद पडलेली मुरमाची खाण, मालकाच्या लेखी संमतीने. खाणीत आधी पायी फिरून कडा तपासा. खालून पोखरलेली कड वरून दिसत नाही.

आपल्या जमिनीचा स्वभाव ओळखा. काळी माती कोरडी असताना तिला हातभर खोल भेगा पडतात, चाक त्यात अडकलं की टायरची बाजू फाटते. पाऊस पडला की तीच माती टायरच्या खाचांमध्ये घट्ट बसते, टायर गुळगुळीत होतो, आणि मडगार्डखाली इतका चिखल साचतो की चाक फिरेनासं होतं. ओल्या काळ्या रानात टायरचा वेग जरा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे चिखल उडून खाचा मोकळ्या होतात. मुरमावर याच्या उलट: चाक घसरलं की पकड गेली, म्हणून एक्सलेटर अगदी बेताने. मुरमाचं वळण शॉर्ट कोर्सच्या वळणाशी सर्वांत जास्त जुळतं. वाळू शिकायला मात्र राजस्थानलाच जावं लागतं.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

साध्या फोर-बाय-फोर पिकअपसाठी: डांबरी रस्त्यावर कंपनीने सांगितलेली, मुरूम आणि दगडावर २५ ते २८ पीएसआय, मऊ वाळूत १५ ते १८. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि वजन वाटलं जातं. १५ च्या खाली गेलात आणि रिम बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी) नसेल, तर वळणावर टायर रिमवरून उतरतो. वाळूतून बाहेर आल्यावर हवा न भरता डांबरावर वेगाने गेलात, तर टायरची बाजू तापून फुटते. कॉम्प्रेसर आणि खात्रीचा गेज गाडीत हवाच.

डाकारच्या ट्रकला १४.०० आर २० मापाचे टायर असतात आणि हवा केबिनमधूनच कमी-जास्त करता येते. ते काम बहुधा मिस्त्री करतो, म्हणजे चालकाचं लक्ष वाटेवरून हलत नाही.

उडी घेताना ट्रक नाकावर का पडतो?

बहुतेक वेळा चालकाने कडेवर घाबरून पाय उचललेला असतो किंवा ब्रेक मारलेला असतो. त्याने वजन पुढे जातं, पुढचे स्प्रिंग दबतात आणि मागची बाजू वर फेकली जाते.

क्रम असा ठेवा. ब्रेक मारायचा तो चढ सुरू होण्याआधी. चढावर एक्सलेटर स्थिर. हवेत नाक खाली जातंय असं वाटलं तर थोडा एक्सलेटर द्या. फिरत्या चाकांच्या प्रतिक्रियेने नाक वर येतं. नाक फार वर असेल तर ब्रेकचा हलका स्पर्श. जमिनीला टेकण्याआधी चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळायला हवा. पूर्ण एक्सलेटरवर टेकलात तर जोरात फिरणारं चाक एका क्षणात अडतं, आणि तो सगळा झटका हाफ शाफ्ट, जॉइंट क्रॉस आणि गिअरच्या दातांवर जातो. चाकं सरळ ठेवा. वळलेल्या चाकावर उतरणं म्हणजे टाय रॉड गेला.

सरावाला एक फूट उंचीपासून सुरुवात करा. कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर मोठी उडी घेऊ नका.

कमानी काढून काय बसवतात?

आपल्याकडच्या ट्रकचे कमान पाटे ओझं वाहायला बनलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत ते जवळजवळ हलतच नाहीत. ट्रॉफी ट्रकमध्ये मागे लांब आर्म, कॉइल स्प्रिंग आणि बायपास शॉकअप असतात. पुढचं चाक साधारण दोन फूट आणि मागचं अडीच फुटांहून जास्त वर-खाली होतं. डाकारच्या बऱ्याच ट्रकमध्ये पाटे आजही आहेत, पण कमी संख्येचे, लांब आणि मऊ, सोबत मोठे शॉकअप.

शॉकअप थकतो तो उष्णतेने. सतत हलल्यामुळे आतलं तेल तापून पातळ होतं आणि त्यात फेस झाला की दाब धरला जात नाही. म्हणून तेलाची टाकी वेगळी असते आणि तिच्यात साधारण २०० पीएसआय नायट्रोजन भरतात. साधी हवा भरू नये. तिच्यातल्या ओलाव्यामुळे दाब बदलत राहतो. वीस मिनिटांनंतर गाडी आधीपेक्षा जास्त उसळू लागली, तर दोष चालकाचा नाही, शॉकअप तापलाय.

शर्यतीत सर्वांत जास्त काय बिघडतं, आणि रोज काय तपासायचं?

इंजिन फुटून गाडी थांबणं त्या मानाने कमी. थांबतात त्या छोट्या गोष्टींनी: सैल नट, घासलेला पाइप, गच्च झालेला फिल्टर.

चाकाचे नट टॉर्क रेंचनेच आवळा. दहा बोल्टच्या अवजड चाकाला साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. चाक बदललं की ५० किलोमीटरनंतर परत आवळा. प्रत्येक नट आवळून झाल्यावर त्यावरून रिमपर्यंत रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना न लावताही कळतं. यू-बोल्ट आणि जॉइंट क्रॉसच्या बोल्टलाही हीच रेघ.

पाटा मोडतो तो बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी. यू-बोल्ट सैल असला की पाटे एकमेकांवर सरकतात आणि तिथेच चीर पडते.

एअर फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करा, दाब बेताचा ठेवा. आपटून साफ केला तर कागदाला चीर पडते, आणि एप्रिल-मेची आपल्याकडची बारीक धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत गवताचं कुसळ अडकलेलं असतं, ते मागून पुढे पाणी मारून काढा. टर्बोचं इंजिन दमवून आल्यावर लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

फोर-व्हील पार्ट-टाइम प्रकारचं असेल तर डांबरावर ते काढा. पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेलं अंतर वळणावर सारखं नसतं. तो ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि लिव्हर अडकून बसतो.

रोल केज गावातल्या वेल्डरकडून करून घेता येईल का?

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचवणारा केबिनमधला पाइपचा पिंजरा. वेल्डर चांगला असेल तरी पाइप चुकीचा असेल तर उपयोग नाही. नळाचा जीआय पाइप, ग्रिलचा चौकोनी पाइप हे चालत नाहीत. जालन्याच्या सळईचं नाव मोठं आहे, पण ते बांधकामाचं पोलाद. हा माल वेगळा. मोटारींसाठी एफआयएच्या, म्हणजे मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला बिनजोड, थंड ओढलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो: ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० आणि २.०. वाकवताना पाइप चपटा झाला तर तो तुकडा फेकून द्या. जोडावर पूर्ण गोल वेल्ड हवा. पत्र्यावर टेकणाऱ्या पायाखाली जाड प्लेट, नाहीतर उलटल्यावर पाइप पत्रा भेदून जातो. काम सुरू करण्याआधी स्पर्धेच्या तपासनिसाला आराखडा दाखवा.

सोबत एफआयए मान्यतेचं हेल्मेट, मानेचा आधार, सहा बिंदूंचा पट्टा आणि आग-रोधक सूट. पट्टा जुना विकत घेऊ नका. त्याच्या लेबलवर मुदत छापलेली असते आणि तपासणीत तीच पाहतात.

ट्रकचा वेग मर्यादित का ठेवतात?

१९८८ च्या डाकारमुळे. डीएएफचा दोन इंजिनांचा ट्रक तेव्हा २०० किलोमीटरच्या पुढे धावत होता आणि स्पर्धेतल्या मोटारींना मागे टाकत होता. त्याच संघाचा दुसरा ट्रक वेगात उलटला आणि नॅव्हिगेटरचा जीव गेला. डीएएफने माघार घेतली, पुढच्या वर्षी ट्रकचा गटच झाला नाही. आज डाकारच्या ट्रकला ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे.

शरीर कसं तयार करायचं?

मान, पाठ आणि पोटाचे स्नायू यांना पहिला मान. प्लँक, दोरीवरच्या उड्या, मानेला हाताने चारही बाजूंनी रोध देऊन धरणं, जुन्या तालमीतली गदा आणि जोर. केबिन भट्टीसारखी तापते, त्यामुळे शरीराला उष्णतेची सवय करायला दहा ते चौदा दिवस लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्याला ही एक बाजू जमेची आहे. चालवताना तासाला अर्धा लिटरच्या वर पाणी, त्यात मीठ-साखर. नुसतं पाणी पीत राहिलात तर क्षार कमी होऊन डोकं जड होतं आणि निर्णय चुकतात.

यावर पोट भरतं का?

सुरुवातीची बरीच वर्षं नाही. बक्षिसाची रक्कम टायर आणि डिझेललाही पुरत नाही. डाकारचा ट्रक १०० किलोमीटरला सुमारे १०० लिटर डिझेल पितो. चालकाचं उत्पन्न प्रायोजक, संघाचा पगार, टायर-शॉकअप कंपन्यांच्या चाचण्या आणि प्रशिक्षण यांतून येतं. म्हणून हातात मिस्त्रीचं काम असलेला माणूस या खेळात जास्त काळ टिकतो: सीट गेली तरी संघात जागा राहते. शेती गहाण ठेवून गाडी बांधू नका. पहिले दोन हंगाम दुसऱ्याच्या गाडीत सर्व्हिस क्रू किंवा नॅव्हिगेटर म्हणून काढा.

प्रायोजकाकडे जाताना फोटो नेऊ नका, हिशोब न्या: किती स्पर्धा, किती पूर्ण केल्या, गाडीवर नाव किती जागेत.

नॅव्हिगेटर व्हायला इंग्रजी उत्तम हवं का?

कामापुरतं हवं. रोडबुकमध्ये, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या वाटेच्या टिपणात, अंतर, छोटं चित्र आणि दिशेचे अंश असतात. धोका एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हांनी दाखवतात. तीन म्हणजे जवळजवळ थांबायचंच. खुणा शंभर-दीडशे आहेत, त्या पाठ होतात. अवघड आहे ते हादऱ्यात वाचून योग्य क्षणी, कमी शब्दांत सांगणं. आपसात मराठीत बोला, पण शब्द ठरवून घ्या: डाव्यासाठी एकच शब्द, थांबण्यासाठी एकच.

मुलींना संधी आहे का? आणि वयाची अट?

नियमात वेगळा गट नाही, सगळे एकत्रच. जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी २००१ मध्ये मोटारींच्या गटात डाकार जिंकली आहे. वय मोठं असणं ट्रकमध्ये अडचण ठरत नाही. चागिनचा शेवटचा विजय ४१ व्या वर्षीचा, लोप्राइसचा ५१ व्या.

गावात ऑफ-रोड कार्यक्रम ठेवला तर प्रेक्षकांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून आग्रहाने उत्तर देतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि उडीच्या समोर एकही माणूस नको. प्रेक्षक वळणाच्या आतल्या बाजूला, ट्रॅकपासून उंचावर, मध्ये बांध किंवा चर असेल अशा जागी. नुसती दोरी बांधून गर्दी थांबत नाही. प्रत्येक टोकाला लाल झेंडा घेतलेला माणूस, वॉकीटॉकी, आणि उभी रुग्णवाहिका. ती रुग्ण घेऊन गेली तर परत येईपर्यंत गाड्या बंद. २०२३ च्या डाकारमध्ये ट्रकच्या गटात आघाडीवर असलेल्या अलेश लोप्राइसने एका प्रेक्षकाचा अपघाती मृत्यू झाल्याचं कळल्यावर स्पर्धा सोडली.

फसलेली गाडी ओढताना पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) अडकवू नका, तो गोळा तुटून गोळीसारखा येतो. वजनाचा आकडा कोरलेली शॅकल (पट्टा अडकवायची पोलादी कडी) वापरा आणि पट्ट्याच्या दीडपट अंतराच्या आत कोणालाही उभं राहू देऊ नका, ट्रॅक्टरवाल्याच्या मदतनिसालाही नाही.